हायफन : हुकूम की नाव?

युनिक्स जातीच्या संगणकावर ‘आरएम’ ही फाइली पुसण्याची आज्ञा आहे. फोल्डर पुसायला सांगितले तर ती नकार देते. त्यासाठी तिच्यापुढे ‘-आर’ हा पर्याय (हायफन व रोमन लिपीतले लहान अक्षर) टंकावा लागतो. सावधगिरी चांगली आहे. आता शाळेतल्या लिनक्स संगणकावर एक नवे फोल्डर उघडा. त्यात दोन-तीन बिनमहत्त्वाच्या फाइली आणि एक आतले फोल्डर ठेवा. शिवाय ‘-आर’ याच नावाची एक फाइल बनवा. बनवताना नावाआधी बिंदू व तिरकी रेघ द्यावी लागेल. मग ‘आरएम’पुढे फक्त तारका टंका. आतले फोल्डर निमूटपणे नाहीसे होते, आणि ‘-आर’ नावाची फाइल तेवढी शिल्लक राहते!

असे का व्हावे? आपली ओळ आधी ‘शेल’ नावाची आज्ञावली वाचते. तारकेच्या जागी ती सगळ्या फाइलींची नावे घालते आणि नुसती शब्दांची रांग पुढे पाठवते. कोणता शब्द माणसाने टंकला व कोणता तारकेतून निघाला, ही माहिती इथेच हरवते. ‘आरएम’ला दिसतो फक्त आरंभीचा हायफन. तो असेल तर हुकूम, नसेल तर नाव.

जुन्या प्रथेत पहिले साधे नाव येताच पर्यायांचा शोध थांबे. ग्नू प्रकल्पाने, विसरलेला पर्याय शेवटी टंकता यावा म्हणून, सारी रांग चाळण्याची मुभा दिली. सोय झाली खरी, पण धोका रांगेच्या टोकापर्यंत पसरला.

यावर ठरलेले उत्तर असे, की आधी दोन हायफन द्या, म्हणजे पुढचे सगळे शब्द नावे ठरतील. आम्हांला ते अपुरे वाटते. सर्व आज्ञावल्या हा संकेत पाळत नाहीत.

प्रश्न केवळ फाइलींचाही नाही. 2012 मध्ये असे उघड झाले, की ‘सीजीआय’ पद्धतीने चालणाऱ्या पीएचपीला संकेतस्थळाच्या पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढील मजकूर पर्याय म्हणून पोचू शकतो. कोणीही परका ‘-एस’ लिहून मूळ आज्ञावली वाचू शके. उपाय म्हणून हायफनवर पहारा बसवला. 2024 मध्ये दिसले, की विंडोजच्या जपानी व चिनी मांडणीत ‘सॉफ्ट हायफन’ हे निराळे चिन्ह पहाऱ्यातून सुटते आणि नंतर विंडोजच त्याचा साधा हायफन करते. बारा वर्षे चिन्हावर पहारा ठेवला, नाव आणि हुकूम वेगळे केलेच नाहीत.

तारकेआधी बिंदू व तिरकी रेघ देणे आम्हांला अधिक पसंत आहे. प्रत्येक नाव मग बिंदूने सुरू होते, आणि आज्ञावलीच्या सौजन्यावर विसंबावे लागत नाही. आठवण मात्र इथेही माणसालाच ठेवावी लागते. वरचा प्रयोग या रीतीने पुन्हा करून पाहा : ‘-आर’ फाइल जाईल, आणि फोल्डर पुसायला ‘आरएम’ नकार देईल.