कर्कटी कुलाचे वर्गीकरण : चांद्याच्या वनांतील दोन वेली

चंद्रपूर व १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, ह्या जिल्ह्यांतील कर्कटी कुलाच्या अभ्यासकास कुक ह्यांचा मुंबई इलाख्यावरील ग्रंथ (१९०१–१९०८) पुरा पडत नाही. कारण त्या काळी चांदा मध्यप्रांतात मोडत असे. साहजिकच त्यास हूकर-संपादित ग्रंथातील क्लार्क ह्यांच्या १८७९ च्या मांडणीकडे वळावे लागते.

ह्या मांडणीत शिवलिंगीचा समावेश ब्रायोनिया प्रजातीत होतो. १९६२ साली जेफ्री ह्यांनी तिला डिप्लोसायक्लॉस पामेटस हे नाव दिले. पुढे २००७ साली रेणवीय पुराव्यावरून म्युकिया ही प्रजाती कुक्युमिसमध्ये विलीन झाली. हे फेरफार म्हणजे केवळ नामांतराची हौस नव्हे. एका पूर्वजाची सर्व संतती एकत्र ठेवावी, हे तत्त्व त्यामागे आहे व ते ग्राह्य होय.

तथापि रेणवीय पुराव्याने रानातील ओळख सुकर होत नाही. तेथे क्लार्क ह्यांची परागकोशाधिष्ठित लक्षणेच अद्याप उपयोगी पडतात; पण त्यांनाही मर्यादा आहे. शिवलिंगीच्या एकाच वेलीवर नरफुले व मादीफुले दोन्ही येतात, तर काटवलाचे नर व मादी वेल निरनिराळे असतात. मादी वेलीच्या नमुन्यात परागकोश नसतात, नर वेलीच्या नमुन्यात फळ नसते. आणि बाजारात तर केवळ फळच येते. असा अर्धा नमुना कोणत्याही वर्गीकरणाच्या कसोटीस उतरत नाही.

सारांश, काटवलाचा संग्रह दोन्ही वेलींवरून, स्थानिक नावासह व्हावयास हवा. नावे पुढेही बदलतील. नमुना पूर्ण असल्यास प्रत्येक नवे नाव त्यावर पारखता येईल.