क्लॅरिनेटचा नाद आणि ‘पोकळ’ हे विशेषण

हेल्महोल्ट्झ याने आपल्या नादसंवेदनाविषयक ग्रंथात (१८६३) क्लॅरिनेटच्या ध्वनीचे जे वर्णन केले, ते गेली दीडशेहून अधिक वर्षे पाठ्यपुस्तकांतून सूत्रासारखे उतरत आले आहे. ज्या नादात मूळ स्वराबरोबर केवळ विषम क्रमांकाचे उपस्वर असतात, म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनसंख्यांचे, तो नाद पोकळ वाटतो. असे उपस्वर पुष्कळ असले तर त्यास नासिक्य छटा येते, असे त्याचे प्रतिपादन आहे. उदाहरणांत बंद ऑर्गन-नळीच्या शेजारी क्लॅरिनेटचे नाव आहे. या सूत्रात दोन भिन्न विधाने एकत्र बांधली गेली आहेत : एक भौतिक कारणाविषयीचे, दुसरे श्रोत्याच्या प्रतीतीविषयीचे. पहिले अर्धेच खरे आहे. दुसऱ्यातील विशेषण मूळ जर्मन शब्दाचा प्रतिशब्द म्हणून चुकीचे नसले, तरी मराठी वाचकास ते भलतीकडे नेते.

मराठीत ‘पोकळ’ हा शब्द आकाराइतकाच निःसत्त्वतेचा वाचक आहे. ‘बडा घर पोकळ वासा’ या म्हणीत वाशाच्या आकाराविषयी कोणास कुतूहल नसते. क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकातील नाद ऐकणारास मात्र तो भरीव, गंभीर आणि दूरवर घुमणारा वाटतो. या गुणास मराठीत ‘घुमारा’ असा नेमका शब्द आहे. घुमारा पोकळीतून उत्पन्न होतो हे खरे. परंतु तंबोऱ्याचा भोपळा पोकळ म्हणून तंबोऱ्याचा नाद पोकळ, असे कोणी म्हणत नाही. साधनाचा धर्म नादावर लादण्याचा हा दोष भाषांतरात सहज शिरतो.

आता कारणाकडे. सामान्य बी-फ्लॅट क्लॅरिनेटची लांबी सुमारे ६६ सेंटीमीटर असते. पाश्चात्त्य फ्लूट साधारण तेवढीच लांब. तिचा सर्वांत खालचा स्वर सुमारे २६२ कंपनांचा, तर क्लॅरिनेटचा सुमारे १४७ कंपनांचा. फ्लूटची दोन्ही टोके हवेस मोकळी असल्याने तिच्या लांबीत अर्धी तरंगलांबी मावते. क्लॅरिनेटच्या मुखाकडील टोकाशी वेतासारख्या नळगवताची पातळ पट्टी, म्हणजे रीड, जवळजवळ झाकणासारखी बसलेली असते. तेथे दाबाचा चढउतार सर्वाधिक होतो, आणि नळीत पाव तरंगलांबी मावते. अशा नळीचे अनुनाद १, ३, ५ या प्रमाणात येतात. त्यामुळेच अंगठ्याखालची वरच्या सप्तकाची कळ दाबली असता खालच्या षड्जावरून तार षड्ज न येता त्याच्या वरचा पंचम येतो. बासरीवरून क्लॅरिनेटकडे वळणाऱ्या वादकास बोटांची सवय नव्याने करावी लागते ती यामुळे.

परंतु ‘एक टोक बंद’ एवढे कारण पुरत नाही. सनईचेही मुखाकडील टोक पत्तीने बंदच असते. तरी सनई सप्तकाने चढते आणि तिच्या नादात सम व विषम असे सर्व उपस्वर भरपूर असतात. भेद आहे तो नळीच्या आतील आकारात. सनईची नळी शंक्वाकृती, तर क्लॅरिनेटची बहुतांश लांबीपर्यंत एकाच व्यासाची, सुमारे १५ मिलीमीटरची. पाठ्यपुस्तकांतील संक्षिप्त सूत्र नेमकी हीच अट गाळते.

सूत्रातील खरा अडचणीचा शब्द ‘केवळ’ हा होय. रीडमधून आत जाणारा हवेचा प्रवाह दाबाच्या सरळ प्रमाणात बदलत नाही; मोठ्याने फुंकल्यावर रीड मुखपट्टीवर आपटून वाट क्षणभर बंदही करते. अशा प्रवाहात सम उपस्वर असतातच. नळी त्यांस साहाय्य करीत नाही, एवढेच. ती त्यांस बंदीही घालीत नाही. खालच्या सप्तकात दुसरा, चौथा हे उपस्वर फार क्षीण असतात, आणि तेथे हेल्महोल्ट्झचे निरीक्षण बिनचूक आहे. मात्र नादाचे विश्लेषण वरवर नेत गेल्यास सम-विषम हा भेद पुसट होत जातो आणि सुमारे १५०० कंपनांच्या पुढे त्यास अर्थ उरत नाही.

याचे स्पष्टीकरण आर्थर बेनेड याच्या १९७६ च्या संगीत-ध्वनिशास्त्रावरील ग्रंथात मिळते. वाजत असलेल्या स्वराच्या खालची उघडी भोके ही एक रांग असते. मंद कंपनांचे तरंग या रांगेतील पहिल्या एकदोन भोकांपाशीच परत फिरतात, नळीत साठून राहतात आणि रीडला लयीत धरून ठेवतात. सुमारे १५०० पेक्षा जलद कंपनांचे तरंग रांग ओलांडून बाहेर निसटतात. ही सीमा बोटे कशीही ठेवली तरी फारशी हलत नाही. ज्या वाद्यात ती थोडी खाली त्यास वादक ‘गडद’ म्हणतात, ज्यात वर त्यास ‘उजळ’, असेही बेनेडने नोंदविले आहे. घुमाऱ्याची मीमांसा करताना विषम उपस्वरांइतकेच महत्त्व या सीमेस द्यावयास हवे.

वाद्याच्या नावाचा इतिहासही सूत्राच्या विरुद्ध साक्ष देतो. क्लॅरिनेट हे ‘क्लॅरिनो’, म्हणजे उंच स्वरांचे ट्रंपेट, याचे लघुत्वदर्शक रूप. हे वाद्य दुरून ट्रंपेटसारखे ऐकू येते, अशी नोंद वाल्टर याच्या १७३२ च्या संगीतकोशात आहे. नाव पडले ते वरच्या सप्तकावरून, जेथे विषमतेचा नियम ढिला होतो. सिद्धान्त रचला गेला तो खालच्या सप्तकावरून. या दोहोंच्या मधले, वादक ज्यांस ‘गळ्याचे स्वर’ म्हणतात ते, तर दोन्ही वर्णनांत बसत नाहीत : नळीचा अगदी थोडा भाग वापरात असल्याने ते फिके आणि दबलेले येतात. वेबरने ‘डेर फ्रायशुट्झ’मध्ये (१८२१) सॅमिएलच्या भयसूचक प्रवेशांसाठी क्लॅरिनेटचा तळ वापरला. मोट्झार्टने १७९१ च्या कन्चर्टोत तळ आणि उंची यांच्यामध्ये मोठ्या उड्या घेतल्या. एकच विशेषण या साऱ्यांस पुरणार कसे?

भाषाभ्यासकास येथे एक तुलना मोहात पाडते. प्रौढ पुरुषाचा ओठांपासून स्वरतंतूंपर्यंतचा मार्ग सुमारे साडेसतरा सेंटीमीटरचा, एका बाजूस बंद. तो सर्वत्र सारख्या रुंदीचा धरला, जसा ‘अ’जवळच्या मध्यवर्ती स्वरात धरता येतो, तर त्याचे अनुनाद ५००, १५००, २५०० येतात, पुन्हा १, ३, ५ याच प्रमाणात. यावरून क्लॅरिनेटच्या नादास स्वराप्रमाणे ‘फॉर्मंट’ लावण्याची पद्धत रूढ झाली आहे. ती सदोष आहे. फान्टच्या १९६० च्या मांडणीप्रमाणे उच्चारात ध्वनीचा उगम आणि त्याची गाळणी बऱ्याच अंशी स्वतंत्र असतात. पट्टी बदलली तरी ‘अ’ हा ‘अ’च राहतो, कारण फॉर्मंट जागचे हलत नाहीत. क्लॅरिनेटमध्ये नळीच रीडवर हुकमत चालविते, आणि १-३-५ ची मालिका प्रत्येक स्वरासोबत सरकते. सरकणाऱ्या वस्तूस फॉर्मंट म्हणणे म्हणजे संज्ञेचा अर्थच काढून घेणे होय. स्थिर राहते ती भोकांच्या रांगेची सीमा. तुलना करावयाची तर तिच्याशी, आणि तीही जपून.

लाकडाविषयीची समजूत थोडक्यात निकालात काढता येते. आफ्रिकेतील डालबर्जिया मेलॅनोझायलॉन हे काळे लाकूड, जे आपल्या शिसवीच्याच प्रजातीचे आहे, घुमाऱ्याचे कारण मानले जाते. तथापि येथे कंप पावते ती हवा. नळीची जाड भिंत नव्हे. कोल्टमनने १९७१ मध्ये चांदी, तांबे व लाकूड यांच्या सारख्या मापाच्या फ्लूट वाजवून दाखविल्या, तेव्हा श्रोत्यांस त्यांतील भेद ओळखता आला नाही. हा प्रयोग क्लॅरिनेटवरचा नसला तरी त्याचा रोख स्पष्ट आहे. काळे लाकूड उपयोगी ठरते ते त्यास बारीक मापात कातता येते, भोकांच्या कडा साफ राहतात आणि ओलाव्याने आकार फारसा बिघडत नाही म्हणून.

वादकाच्या मुखाचा वाटा मात्र लाकडापेक्षा निश्चितपणे सिद्ध झाला आहे. गर्श्विनच्या ‘ऱ्हॅप्सोडी इन ब्ल्यू’च्या (१९२४) आरंभी क्लॅरिनेटची जी दीर्घ मींड आहे, तिचा अभ्यास ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात करण्यात आला व २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मिंडेच्या वरच्या टप्प्यात वादक जीभ व घसा यांच्या रचनेने मुखमार्गाचा अनुनाद इतका प्रबळ करतो की रीड नळीऐवजी त्याचे ऐकू लागते. एरवी नळीपुढे दुय्यम असलेला मुखमार्ग येथे गाळणी म्हणून काम करीत नाही. तो रीडच्या दुसऱ्या बाजूस उभा असलेला नळीचा प्रतिस्पर्धी असतो.