बैलाचं वजन आणि संशोधनाची यादी

गॅल्टनच्या बैलाची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात बैल कापून साफ केल्यावर किती भरेल, हे ओळखायची पैज होती. ७८७ अंदाजांचा मध्यांक निघाला १२०७ पौंड. प्रत्यक्ष वजन ११९८. गॅल्टनने हे १९०७ साली ‘नेचर’मध्ये छापलं.

‘अनेकांचं शहाणपण’ या तत्त्वावर आरोग्य-संशोधनाचे अग्रक्रम ठरवायची एक पद्धत आज जगभर वापरली जाते, सीएचएनआरआय. इगोर रुदान आणि सहकाऱ्यांनी ती बालआरोग्यासाठी बांधली. तज्ज्ञ प्रश्न सुचवतात, मग प्रत्येकजण एकट्याने गुण देतो: उत्तर मिळेल का, उपाय लागू पडेल का, लोकांपर्यंत पोचेल का, आजाराचा भार किती घटेल, विषमता कमी होईल का. बंद खोलीत चार ज्येष्ठांनी ठरवण्यापेक्षा हे केव्हाही बरं. माहीत नसेल तर रकाना कोरा सोडायची मुभा आहे, ती तर मला फारच आवडते.

माझी हरकत बैलाच्या दाखल्यालाच आहे. बैल शेवटी तराजूवर चढला. ही यादी कधी चढणार? जे संशोधन झालंच नाही, त्याचा फायदा मोजायचा कसा? शिवाय प्लिमथला खाटीक होते, शेतकरी होते, नुसते बघेही होते. चुका दोन्हीकडे गेल्या आणि एकमेकींना खाऊन बसल्या. इथे गुण एकट्याने देतात हे खरं, पण वाचलेली नियतकालिकं तीच, परिषदा त्याच, पैसे देणारेही बरेचदा तेच. सगळे एकाच बाजूला चुकले तर सरासरीने चूक जात नाही, उलट तिच्यावर शिक्का बसतो.

आपल्याकडचं गडचिरोली घ्या. १९८९ साली डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, ९२ टक्क्यांना स्त्रीरोग आढळले. आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, ही तेव्हाची चौकट. त्या वर्षी तज्ज्ञांकडून प्रश्न मागवले असते, तर हा कितीजणांनी पाठवला असता? आणि जो प्रश्न यादीतच येत नाही, त्याला शून्य गुणसुद्धा मिळत नाहीत.

ब्रिटनमधल्या जेम्स लिंड अलायन्समध्ये रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर एकत्र बसून प्रश्न ठरवतात. सीएचएनआरआयमध्येही लोकांना विचारायची सोय आहे, नाही असं नाही. पण ती आहे निकषांना वजन देण्यापुरती. म्हणजे लोकांनी गुणाकार बदलायचा. प्रश्न आधीच ठरलेले.