मास्तर मागे राहतो : 'बनगरवाडी' आणि दुष्काळाचं वाचन

'बनगरवाडी'चा शेवट म्हटला की डोळ्यांसमोर ओस वाडी येते. पाऊस पडला नाही, धनगर मेंढरं घेऊन निघून गेले, शाळेत पोर उरलं नाही, मास्तरची बदली झाली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपानं आली. तेव्हापासून आपण हा शेवट गावाचा मृत्यू म्हणून वाचत आलो. मला ते वाचन अपुरं वाटतं.

आधी गोष्ट सांगतो कोण, ते पाहू. औंध संस्थानातल्या शाळेवर नेमलेला तरुण मास्तर. त्याचं काम एका जागेला बांधलेलं आहे : खोली, फळा, हजेरी. त्यामुळे माणसांचं फिरणं त्याला पहिल्यापासून अडचणच वाटतं. पोरं शाळेत का येत नाहीत, तर मेंढरांमागे जातात म्हणून. म्हणजे शेवटी जे 'संकट' म्हणून येतं, तेच सुरुवातीला 'सवय' म्हणून आलेलं आहे. मेंढपाळ दुष्काळात हलतो, कारण हलणं हीच त्याची विमा पॉलिसी. पाऊस सगळीकडे एकदम मरत नाही. जिथं चारा आहे तिथं कळप न्यायचा, पाऊस झाला की परत यायचं. पश्चिम महाराष्ट्रातले कित्येक धनगर बऱ्या सालातही पावसाळा संपला की कोकणाकडे उतरतात, भाताच्या खाचरांत मेंढरं बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घेतात. ही व्यवस्था आहे, परागंदा होणं नव्हे. मास्तरला ती दिसत नाही, कारण तो मागे राहतो.

माडगूळकरांना मात्र ती दिसत असावी. ते स्वतः माणदेशातले, आटपाडीजवळच्या माडगुळ्याचे. म्हणून तर त्यांनी तालमीची इमारत कादंबरीच्या मधोमध आणून ठेवली आहे. मास्तरच्या पुढाकारानं वाडी अंगमेहनतीनं तालीम उभी करते, राजेसाहेब येतात, सोहळा होतो. मग दुष्काळ येतो आणि माणसं जातात, इमारत राहते. कोरडवाहू मुलखात बाहेरून आलेला भला माणूस पहिल्यांदा काय करतो, तर बांधकाम. लेखक यावर एक शब्दही टीका करत नाही, मास्तरवर त्याची मायाच आहे. पण विकासयोजनांवर इतकी नेमकी टीका मी मराठीत फारशी वाचलेली नाही.

दुसरी जागा शेकूची. औताला दुसरा बैल नाही, तर त्याची बायको जू खांद्यावर घेते. शहरी वाचक इथं गरिबी पाहून हळहळतो. कोरडवाहू शेती करणारा मात्र आधी ओल पाहील. हलक्या रानातला वाफसा दोनतीन दिवसांत उडून जातो. तेवढ्यात पेरलं नाही तर साल गेलं. ती बाई केवळ दारिद्र्याला जुंपलेली नाही, वेळेलाही जुंपलेली आहे.

आता उणं. मास्तरच्या नजरेपलीकडे कादंबरी जात नाही, म्हणून वाडी गेली कुठं हे कळत नाही. परमुलखात चराईसाठी कुणापुढे हात जोडावे लागले, कुणाची मेंढरं वाटेत मेली, म्हाताऱ्यांचं काय केलं? तेवढा भाग अंधारात राहतो, आणि तो भाग हीच दुष्काळाशी जुळवून घेण्याची खरी गोष्ट होती. पुढच्या ग्रामीण साहित्यानंही हा अंधार फारसा उजळला नाही. 'बारोमास'सारखी मोठी कादंबरी घर कसं मोडतं ते दाखवते. घरं मिळून काय ठरवतात, ते मात्र आपल्याकडे लिहायचंच राहिलं.

ठरवलं तर गेलंच होतं. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंख्यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला काम सुरू केलं, त्यातून पाणी पंचायत आली. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या डोक्यांवर वाटायचं : माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. यात किती भांडणं झाली असतील, किती रात्री बैठकीत गेल्या असतील! कादंबरीला याहून काय हवं? खुद्द आटपाडीत १९९३पासून नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं पाणी परिषदा भरल्या, समन्यायी वाटपाची मागणी झाली. बनगरवाडीच्या मुलखाचीच ही पुढची गोष्ट.

सरकारी भाषेत मात्र अजून मास्तरच बोलतो. शेततळं घ्या, अनुदान घ्या, फोटो काढा. शेततळं मुळात पावसाचं वाहतं पाणी साठवायला. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी प्लॅस्टिक अंथरून ते बोअरच्या पाण्यानं भरलं जातं. जमिनीखालचं सामाईक पाणी वर आणून एकाच्या नावावर उन्हात ठेवायचं, वर बाष्पीभवन आहेच. शेजाऱ्याची विहीर आटते ती वेगळीच. कागदावर मात्र हे सगळं 'दुष्काळ निवारण' म्हणूनच नोंदलं जातं.

टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी आटपाडीकडे आलं, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. चांगलंच झालं, पाणी नको म्हणणारा मी कोण? पण बागेला कुंपण असतं, आणि ज्या माळांवर कळप चरायचे ते माळ नांगराखाली गेले की हलायची वाट आखडते. कृष्णेचं पाणी आलं तेव्हा मेंढरं कुठं गेली, हे एखाद्या मेंढक्यानं मेंढक्याच्याच बोलीत लिहिलेलं मला वाचायचं आहे. त्यात शाळा असावी, मास्तरही असावा. फक्त या वेळी तो कळपाबरोबर चार मैल चाललेला असावा.