ठक, ठग आणि ‘थग’

इंग्रजी मजकुरात ‘थग’ हा शब्द दिसला की मराठी अनुवादकाची लेखणी ‘ठग’ असे लिहून मोकळी होते. शब्द मूळचा इकडचाच, तेव्हा कोश उघडण्याची गरज कोणाला वाटावी? परंतु हा प्रतिशब्द बहुतेक ठिकाणी चुकीचा ठरतो. आजच्या इंग्रजीत ‘थग’ म्हणजे दांडगाई करणारा, मारहाणीवर उतरणारा मनुष्य. मराठीतील ठक किंवा ठग अंगाला हात लावीत नाही. तो बोलण्यात गुंतवितो. त्याची गाठ पडलेला माणूस घरी सुखरूप परततो, फक्त त्याचा कसा रिकामा झालेला असतो. ‘ठकविणे’ या क्रियापदात तर पुष्कळदा अपराधाची छायाही नसते. मुले खेळात एकमेकांना ठकवितात, मृगजळ डोळ्यांना ठकविते, आणि ‘ठकास महाठक’ म्हणताना बोलणाऱ्याच्या स्वरात निंदेपेक्षा कौतुकच अधिक असते. ही सारी चतुराई इंग्रजी शब्दातून गळून गेली आहे. ती कोठे गळाली याचा शोध घेऊ लागले की वाट जबलपूरकडे वळते.

बहुसंख्य कोशकार या शब्दाचे मूळ संस्कृत ‘स्थग्’ या धातूत पाहतात. त्याचा अर्थ झाकणे, आच्छादणे. ‘स्थगित’ म्हणजे मुळात झाकलेले. पुढे ढकललेले हा अर्थ मागाहून आला. विधिमंडळातील स्थगन प्रस्ताव आणि बाजारातील ठक हे अशा रीतीने एकाच कुळातले निघतात, आणि त्याचे कोणाला हसू आले तर भाषाशास्त्राची हरकत असू नये. या कुळाची पश्चिमेकडील शाखाही मोठी आहे. लॅटिनमध्ये ‘तेगेरे’ म्हणजे झाकणे. इंग्रजीतील गवती छपराचा ‘थॅच’ आणि कौलाची ‘टाइल’ तिकडूनच नात्यात येतात. याच लॅटिन धातूला उलट अर्थाचा उपसर्ग लागून ‘डिटेक्टिव्ह’ सिद्ध होतो, म्हणजे झाकण काढणारा. झाकणारा ठग व उघडे पाडणारा गुप्तहेर हे असे भाऊबंद आहेत. यावरून एवढे निश्चित होते की ठगाचे मूळ लक्षण लपविणे हे आहे: नाव, गाव, हेतू लपविणे. बळाचा त्यात संबंध नाही.

वाटसरूंशी दोन-चार मुक्काम मैत्री करून नंतर त्यांचा गळा आवळणाऱ्या टोळ्यांना इंग्रजांनी आरंभी सर्वत्र ‘ठग’ म्हटले नव्हते. दक्षिणेत त्यांना ‘फासीगार’ म्हणत. मद्रासच्या डॉ. शेरवूड यांनी १८१६ मध्ये या मारेकऱ्यांवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधाच्या शीर्षकात हाच शब्द आहे. ‘फासीगार’ हा नेमका शब्द होता. तो कृत्याचे आणि साधनाचे नाव सांगतो. ‘ठग’ हा स्वभावाचे नाव सांगतो. या दोहोंपैकी सैल शब्द टिकला आणि नेमका मागे पडला, याचे कारण भाषेत शोधून सापडणार नाही. ते राज्यकारभारात आहे.

१८१७ मध्ये जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेले. सागर व नर्मदा प्रदेशात नेमणूक होऊन आलेल्या विल्यम स्लीमन यांनी पुढे हेच शहर ठगविरोधी मोहिमेचे केंद्र केले, आणि १८३५ मध्ये त्या खात्याचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. १८३६ मध्ये कलकत्त्यास त्यांचा ‘रामासीयाना’ हा ग्रंथ छापून निघाला. त्यात ठगांच्या ‘रामासी’ या सांकेतिक बोलीचा कोश आहे. त्या बोलीत ठगाला ‘औला’ म्हणत. वाटसरूला भुलविणारा तो ‘सोठा’ आणि गळा आवळणारा तो ‘भुर्तोट’. सावजाला ‘बनिज’, म्हणजे व्यापाराचा माल, असे म्हणत. एका धंद्याची अंतर्गत विभागणी इतक्या स्पष्टपणे उघड करणारे शब्दसंग्रह थोडे असतील, आणि त्याबद्दल स्लीमन यांना कोशकार म्हणून मान द्यावाच लागतो. तथापि हा कोश माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून उतरविलेला आहे. ज्याचे प्राण बोलण्यावर अवलंबून आहेत तो मनुष्य विचारणाऱ्याला हवे ते अधिक सांगतो. शब्दसंग्रह म्हणून जे अमूल्य, तेच पुरावा म्हणून संशयास्पद, अशी या ग्रंथाची विचित्र स्थिती आहे. स्ट्युअर्ट गॉर्डन (१९६९), राधिका सिंघा (१९९३) व किम वॅग्नर (२००७) यांच्या संशोधनानंतर देवीच्या नावाने खून करणाऱ्या अखिल भारतीय पंथाची कल्पना मागे पडली आहे. परंतु ठग ही केवळ साहेबाच्या डोक्यातील भ्रांती होती असे म्हणणे हीही घाईच होय. रस्त्याच्या कडेला पुरलेली प्रेते कोणाच्या कल्पनेतून निघालेली नव्हती.

शब्दाच्या दृष्टीने निर्णायक घटना कायद्यात घडली. १८३६ च्या ३० व्या अधिनियमाने ठगांच्या टोळीत असणे, मग ते कायद्यापूर्वीचे का असेना, हाच जन्मठेप व सक्तमजुरीचा अपराध ठरविला. ठग म्हणजे कोण, हे मात्र त्यात सांगितले नव्हते. व्याख्या आली ती १८६० च्या दंडसंहितेत, ३१० व्या कलमात. जबरी चोरी किंवा मुलांची चोरी ही खुनाच्या मार्गाने अथवा खुनासह करण्यासाठी जो इतरांशी नित्य संबंध ठेवतो तो ठग, असा तिचा आशय. ही व्याख्या सावकाश वाचली पाहिजे. तीत फास नाही, प्रवास नाही, आणि मुख्य म्हणजे फसवणूक नाही! फसवणुकीची सोय त्याच संहितेत दूर अंतरावर वेगळी केली होती. तिची व्याख्या ४१५ व्या कलमात, आणि फसवून मालमत्ता काढून घेण्याची शिक्षा ४२० व्या. कायद्याने ठगाजवळ खून ठेवला व त्याची ठकबाजी काढून घेतली. लोकांनी मात्र आपला ठक सोडला नाही. त्यांनी त्याला ‘चारशेवीस’ हे नवे नाव दिले. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत ठगाचे कलम उरलेले नाही आणि फसवणुकीचा क्रमांक ३१८ झाला आहे. बोलण्यात अजून चारशेवीसच चालतो.

विलायतेत अर्थ याहूनही जलद बदलला होता. १८३९ मध्ये मेडोज टेलर यांची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लंडनला निघाली. तीत अमीर अलीचे गोड बोलणे अजून खुनाइतकेच महत्त्वाचे आहे. परंतु त्याच वर्षी कार्लाइल यांनी ‘चार्टिझम’ या पुस्तकात ग्लासगोच्या कामगारांच्या हिंसेला ठगांचे नाव देऊन टाकले. नर्मदाकाठचा शब्द इतक्या लवकर क्लाइडकाठच्या मजुरांना लागला, आणि लागताच त्यातील वेषांतर, मैत्री, प्रवास सारे गळून केवळ भीती उरली. उच्चारही बदलला. रोमन लिपीतील ‘टीएच’मुळे ‘ठ’ गेला, ‘थ’सारखा ध्वनी आला.

अमेरिकेत या शब्दाला पुढे वर्णाची छटा चढली. फुटबॉलपटू रिचर्ड शर्मन यांनी २०१४ मध्ये तक्रार केली की कृष्णवर्णीयांना द्यावयाची जी शिवी आता उघड देता येत नाही, तिच्या जागी हा शब्द वापरला जातो. २०१५ मध्ये बाल्टिमोरच्या दंग्यांच्या वेळी अध्यक्ष ओबामा व त्या शहराच्या महापौर, दोघेही कृष्णवर्णीय, यांनी तो उच्चारला. महापौरांना नंतर शब्द मागे घ्यावा लागला. येथे १८३६ च्या कायद्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. दोन्ही ठिकाणी नाव आधी लागते, कृत्य मागून विचारले जाते. दोन्ही प्रसंगांत थेट धागा दाखविता येणार नाही. पण ज्या शब्दाची घडण कृत्याऐवजी माणसाच्या जातकुळीचे नाव म्हणून झाली, तो अशा उपयोगाला सोयीचा राहतो.

अनुवादकाची अडचण येथे खरी सुरू होते. साध्या बातमीत ‘गुंड’ हा प्रतिशब्द पुरेसा आहे. परंतु जेथे वर्णाची जखम अभिप्रेत असेल तेथे ‘गुंड’ केवळ वर्तन सांगतो, अपमान सांगत नाही. अँजी थॉमस यांच्या २०१७ च्या ‘द हेट यू गिव्ह’ या कादंबरीचे नाव तर टुपाक शकूर यांनी ‘थग’ शब्दाच्या अक्षरांतून काढलेल्या अर्थावरच उभे आहे. तेथे ‘ठग’ लिहिले तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे हातचलाखी करणारा येतो आणि ‘गुंड’ लिहिले तर अक्षरांचा खेळ संपतो. अशा जागी ‘थग’ हा परका उच्चार जसाच्या तसा ठेवणे अधिक प्रामाणिक. शब्द आपल्याच घरचा असला तरी परतताना तो परदेशी झाला आहे, हे त्या ‘थ’ने वाचकाला कळते.

उलट दिशेचा धोकाही तेवढाच आहे. जबलपूरच्या हिंदी वाचकाला आज ‘साइबर ठगी’ हा शब्द रोजच्या बातम्यांतला आहे. दूरध्वनीवर अधिकारी असल्याची बतावणी करून पैसे उकळणारा तो ठग: नाव झाकलेले, गाव झाकलेले, आवाज मधाळ. त्या बातमीचा इंग्रजी अनुवाद करताना ‘थग’ लिहिले, तर लंडनचा वाचक दाराशी सोटा घेऊन उभ्या असलेल्या माणसाची वाट पाहत राहील.