गाव सोडून गेलेला संघ

आठवीच्या एका मुलाने मधल्या सुट्टीत मला गाठले आणि विचारले, "सर, 2021 साली लखनौचा संघ 7,090 कोटींना घेतला म्हणतात. पण घेतले काय? खेळाडूंचा लिलाव वेगळा, मैदान तर त्यांचे नव्हेच." मला उत्तर देता आले नाही. क्रिकेटवर मी तासभर बोलू शकतो; परंतु संघ नावाची वस्तू दुकानात मांडली तर तिच्या डब्यात काय असते, हे मला ठाऊक नव्हते. पुढे दोन अमेरिकन पुस्तके मिळाली. माझे इंग्रजी मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही; शब्दकोश उशाशी ठेवून ती वाचली. एक रॉजर कान यांचे 'द बॉइज ऑफ समर' (1972), दुसरे नील सलिव्हन यांचे 'द डॉजर्स मूव्ह वेस्ट' (1987). दोन्हींचा विषय एकच आहे: ब्रुकलिनचा बेसबॉल संघ.

ब्रुकलिन हे 1898 पर्यंत स्वतंत्र शहर होते. मग ते न्यूयॉर्कमध्ये विलीन झाले आणि 'आपले' म्हणावे असे जे थोडे त्याच्याजवळ उरले, त्यात हा संघ होता. त्याचे डॉजर्स हे नावसुद्धा गल्लीतले. रस्त्यात ट्रॅम चुकवत धावणाऱ्या लोकांवरून पडलेले. एबेट्स फील्ड हे मैदान 1913 साली वस्तीत दाटीवाटीने बांधलेले. याच संघाने 1947 साली जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला मैदानात उतरवून गोऱ्यांच्या बेसबॉलची भिंत फोडली. अंतिम मालिकेत शेजारच्या यांकीजकडून पाच वेळा हरल्यावर 1955 साली एकदाचे त्यांना हरवले. आणि अवघ्या दोन वर्षांनी, 8 ऑक्टोबर 1957 रोजी, संघ लॉस एंजेलिसला चालल्याचे जाहीर झाले! घरातल्या थोरल्या मुलाने नोकरी लागताच बिऱ्हाड हलवावे, तसे.

कान हा ब्रुकलिनचाच. वडिलांच्या संगतीने खेळाचे वेड लागलेला हा मुलगा पुढे वार्ताहर म्हणून 1952 आणि 1953 साली त्याच संघाबरोबर हिंडला. पुस्तकाचा पूर्वार्ध त्या दिवसांचा आहे आणि तो गोड आहे. काही ठिकाणी अतिगोड. खरे पुस्तक उत्तरार्धात आहे. पंधराएक वर्षांनी लेखक एकेका खेळाडूच्या दारी जातो. बिली कॉक्स पेनसिल्व्हेनियातल्या लहान गावी दारूच्या दुकानात गिऱ्हाइकांना ग्लास भरून देतो आहे. कॅम्पानेला चाकांच्या खुर्चीत आहे. 1953 साली फलंदाजीत पहिला आलेला कार्ल फ्युरिलो न्यूयॉर्कच्या नव्या गगनचुंबी इमारतीत लिफ्ट बसवण्याच्या कामावर आहे. दुखापत झालेली असताना संघाने काढून टाकले म्हणून तो कोर्टात गेला होता. ज्यांच्या हातांनी संघाला किंमत आली, त्यांच्या पदरात काय पडले, हे कान कुठेही आरडाओरड न करता दाखवतो. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, म्हणून सांगतो: या प्रकरणांवरून माझ्यासारख्याने गिरवणे गिरवावे. मात्र संघ का गेला, या हिशेबात कानचे मन रमत नाही. त्याला गेल्याचे दुःख पुरते.

सलिव्हन प्राध्यापक आहेत आणि त्यांना फक्त हिशेबच हवा आहे. (सणाच्या फराळात जमाखर्चाची वही वाढतो आहे, वाचकांनी गोड मानून घ्यावी.) ब्रुकलिनमध्ये दोन पिढ्या मालक वॉल्टर ओमॅली यांच्या नावाने बोटे मोडत. सलिव्हन म्हणतात, थोडे थांबा. 1952 साली बॉस्टनच्या ब्रेव्हज संघाला वर्षभरात 2,81,278 प्रेक्षक मिळाले होते; पुढच्याच वर्षी तो मिलवॉकीला गेला, तिथे सरकारी पैशाने बांधलेले मैदान तयार होते, आणि प्रेक्षक आले 18,26,397. ब्रुकलिनचा संघ तोट्यात नव्हता, 1957 सालीही दहा लाखांवर लोक आले. पण एबेट्स फील्डच्या आसपास मोटारी उभ्या करायला जागा सातशेच्या घरात, आणि गिऱ्हाईक तर मोटार घेऊन उपनगरांकडे निघालेले. ओमॅलींना फ्लॅटबुश आणि अटलांटिक हे रस्ते मिळतात तिथे, रेल्वे स्टेशनाला लागून, स्वतःच्या पैशाने नवे मैदान बांधायचे होते. तिथली जमीन मात्र अनेकांची. ती 1949 च्या गृहनिर्माण कायद्याखाली सरकारने ताब्यात घेऊन आपल्याला द्यावी, असे त्यांचे मागणे. न्यूयॉर्कच्या बांधकामांची सारी सूत्रे हाती असलेले रॉबर्ट मोझेस म्हणाले, खाजगी क्लबाचे मैदान हे सार्वजनिक हित नव्हे. हवे तर क्वीन्समध्ये फ्लशिंग मेडोज इथे जा.

इथपर्यंत सलिव्हन पटतात. एकट्या मालकाला खलनायक करून गोष्ट संपत नाही. पण ओमॅलींना त्यांनी दिलेली सुटका मला जरा स्वस्त वाटली. 'स्वतःच्या पैशाने' हे शब्द अर्धेच खरे आहेत. विटा स्वतःच्या, जमीन मात्र सरकारचा हात धरून दुसऱ्याकडून काढलेली. ब्रुकलिनमध्ये तो हात मिळाला नाही, लॉस एंजेलिसमध्ये मिळाला.

तिकडे चावेझ रव्हीन नावाच्या डोंगरउतारावर मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या तीन वाड्या होत्या. सरकारी घरे बांधायची आहेत म्हणून 1950 सालापासून त्यांना उठवले. घरे बांधलीच नाहीत. राजकारण फिरले आणि योजना गुंडाळली. जमीन सार्वजनिक हितासाठीच वापरावी, या अटीवर ती शहराकडे आली, आणि सुमारे तीनशे एकर डॉजर्सना गेली. जून 1958 मध्ये नागरिकांचे मत घेतले. सुमारे 25 हजारांच्या फरकाने करार तरला. कोर्टानेही तो उचलून धरला. मे 1959 मध्ये शेवटच्या घरातल्या माणसांना पोलिसांनी उचलून बाहेर काढले. 10 एप्रिल 1962 रोजी तिथे मैदान उघडले. म्हणजे एका किनाऱ्यावर जे सार्वजनिक हित नव्हते, तेच दुसऱ्या किनाऱ्यावर झाले. दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचताना मला हा धागा सर्वांत जास्त टोचला.

आणि त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. 1901 पासून 1960 पर्यंत थोरल्या बेसबॉलमध्ये सोळाच संघ होते. शहरे वाढली, लोक पश्चिमेला गेले, संघ सोळाच. 1922 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या खेळाला मक्तेदारीविरोधी कायद्यातून मोकळे ठेवलेले. खुर्च्या सोळा आणि बसू इच्छिणारी गावे वीस, मग गावेच मैदान घ्या, जमीन घ्या म्हणत मालकाच्या दारी येणार. लखनौच्या मालकानेही खुर्चीच विकत घेतली. ती मोजकी आहे म्हणून महाग. न्यूयॉर्कला दुसरा संघ हवा होता, तेव्हा विल्यम शे आणि ब्रँच रिकी यांनी नवी लीग काढण्याचा धाक घातला. मग कुठे 1962 साली मेट्स आले. त्यांचे मैदान शहराने फ्लशिंग मेडोजमध्येच बांधून दिले. मिलवॉकीचे ब्रेव्हज पुढे 1966 साली अटलांटाला गेले. मिलवॉकीने 1970 साली सिअ‍ॅटलचा संघ एकाच हंगामानंतर उचलून आणला. 2024 नंतर ओकलंडचाही संघ गेला. तो ओकलंडला आला होता कॅन्सस सिटीहून, आणि तिथे फिलाडेल्फियाहून.

एबेट्स फील्डवरच्या शेवटच्या सामन्याला, 24 सप्टेंबर 1957 रोजी, 6,702 माणसे होती. आता तिथे बिऱ्हाडांच्या उंच इमारती आहेत. 2012 साली ओमॅलींच्या त्याच चौकाजवळ, सरकारने सक्तीने घेतलेली जमीन वापरून, बास्केटबॉलचे भव्य सभागृह उभे राहिले आणि पंचावन्न वर्षांनी ब्रुकलिन नावाचा मोठा संघ पुन्हा अवतरला. तो न्यू जर्सीहून आणलेला होता.

मुलगा आता नववीत आहे. त्याला हे सारे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मग न्यू जर्सीतली पोरे आता कुणाचा सामना बघतात, सर?"