गॉडझिला चित्रपटमाला

जपानमधील तोहो या चित्रपटसंस्थेने १९५४ पासून निर्मिलेली, महाकाय राक्षसी प्राण्याविषयीच्या चित्रपटांची मालिका. अशा प्राण्यांना जपानीत ‘काइजू’ (विचित्र पशू) म्हणतात. ‘गोजिरा’ हे मूळ जपानी नाव गोरिला व देवमासा या अर्थांच्या शब्दांच्या संयोगाने बनले आहे. बालिश करमणुकीकडून गंभीर आशयाकडे, असा या चित्रपटांचा विकास सामान्यतः मानला जातो. तथापि ते अर्धसत्य होय.

मालिकेतील पहिलाच चित्रपट (१९५४) अत्यंत विषण्ण आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी कंकणद्वीपावर घेतलेल्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीतील किरणोत्सर्गी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली व तीवरील एक कर्मचारी त्याच वर्षी मृत्यू पावला. हिरोशिमा व नागासाकी येथील संहाराच्या स्मृती या घटनेने पुन्हा जाग्या झाल्या. दिग्दर्शक इशिरो होंडा (१९११–९३) यांनी राक्षसाच्या सामर्थ्याइतकेच जळालेले टोकिओ शहर आणि जखमींनी भरलेली रुग्णालये यांच्या चित्रणाला महत्त्व दिले. राक्षसाचा नाश करणारे आपले अस्त्र राज्यकर्त्यांच्या हाती पडू नये, म्हणून सेरिझावा हा संशोधक प्राणत्याग करतो. विजयाचा आनंद येथे जवळजवळ नाहीच. १९५६ च्या अमेरिकी आवृत्तीत मात्र अणुचाचणीविरोधी सूर बराच सौम्य करण्यात आला.

१९६० नंतरच्या दशकात मुलांचा प्रेक्षकवर्ग वाढला आणि गॉडझिला क्रमाने मानवाचा संरक्षक बनला. १९६७ मध्ये त्याचे पिल्लूही पडद्यावर आले. शहरे कोसळत राहिली. परंतु त्यांखाली सापडलेली माणसे दिसेनाशी झाली. १९७१ च्या चित्रपटात औद्योगिक प्रदूषणातून वाढलेल्या हेडोरा या राक्षसाद्वारे सामाजिक आशय पुन्हा डोकावला. १९८४ मध्ये गॉडझिलाचे संहारक रूप परत आले. शूसुके कानेको यांच्या २००१ मधील चित्रपटात पॅसिफिक युद्धातील विस्मृत मृतात्मेच त्याच्या ठायी वास करतात. हिदेआकी आन्नो व शिंजी हिगुची यांच्या शिन गॉडझिला (२०१६) या चित्रपटामागे २०११ मधील भूकंप, त्सुनामी व फुकुशिमा येथील अणुदुर्घटना यांची पार्श्वभूमी आहे. आपत्ती उंबरठ्यावर असता बैठकांत गुंतलेले शासन हा त्यातील उपहासाचा विषय होय. ताकाशी यामाझाकी यांच्या गॉडझिला मायनस वन (२०२३) या चित्रपटाचा नायक आत्मघातकी हल्ल्यातून माघारी फिरलेला वैमानिक असून प्राणांना कवडीमोल मानणाऱ्या युद्धनीतीवर त्यात कठोर टीका आहे. दृश्य परिणामांसाठी त्यास २०२४ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले. मात्र जपानच्या आक्रमणास बळी पडलेल्या आशियाई जनतेचे दुःख त्यात जवळजवळ अनुल्लेखित राहते.

सारांश, अलीकडील गांभीर्य हे नवे संपादन नसून मूळ प्रेरणेकडे झालेले पुनरागमन आहे. निव्वळ काळोखी दृश्ये वा वाढता संहार म्हणजे प्रौढता नव्हे. संहारात मेलेल्यांची दखल कितपत घेतली जाते आणि त्यांत कोणाला वगळले जाते, हीच या चित्रपटांच्या प्रौढतेची खरी कसोटी होय.